दारापेक्षा मोठा रांजण

खसबहून वर चढताना आखात मागे राहतं.
आधी निळं, मग शिशासारखं,
मग नुसती एक चकाकी.
गाडी दुर मुहम्मद चालवतो, बलुची.
माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात एक हिरवा तुकडा :
ताहरांसाठी राखीव.
हिरवा मीच भरलाय.
खालचे डोंगर दिसावेत इतपत फिका.

ताहर मी पाहिलेला नाही. तीन वर्षं झाली.
कॅमेऱ्यात रात्रीचे दोन डोळे, एकदा नुसतं ढुंगण,
आणि शेळ्याच शेळ्या.
शेळ्यांचा वेगळा तक्ता आहे.
तक्त्याचं नाव उपद्रव.

बैठक एका दगडी घराच्या सावलीत.
ग्रेगॉर इंग्रजीत बोलतो,
दुर मुहम्मद ते अरबीत नेतो,
पुढे मुसब्बह बिन खमीस आपल्या माणसांना
त्यांच्या डोंगरी बोलीत सांगतो,
आणि दर वळणाला वाक्य थोडं झिजतं.
'नियोजनात स्थानिकांचा सहभाग' हे
पार टोकाला पोचतं तेव्हा
भिंतीला टेकलेला एक म्हातारा हसतो.
काय म्हणाले?
दुर मुहम्मद माझ्याकडे न बघता :
"पाहुण्याने यजमानाला जेवायला बोलावलंय, म्हणाले."

मग तंबूंची चित्रं फिरतात हातोहात.
सहा तंबू, प्रत्येकात टब,
टबातल्या बाईला वर तारे.
शम्सा चित्र उलटं धरते, सुलटं धरते.
तिच्या हातात त्यांची ती बारकी कुऱ्हाड,
काठीला लावलेली, चालताना टेकायची.
ती मोडक्या हिंदीत मला विचारते,
"ये पानी बाद में बकरी को मिलेगा?"
मी ते लिहून घेते.
रकाना : इतर सूचना.

"तुझ्या गावाला डोंगर आहे?"
आहे.
"त्याच्यावर कोणाचं चालतं?"
मी पाणी पिते. बाटली संपेपर्यंत पिते.

ग्रेगॉरला रांजण हवाय.
माहिती केंद्रात, काचेमागे, खालून दिवा सोडून.
आम्ही वाकून आत जातो.
कमरेइतकी खोल जमीन, अंधार,
धान्याचा जुना, घशाला लागणारा वास,
आणि तो. पोट सुटलेल्या आजोबासारखा बसलेला.
मी टेप लावते.
रांजण नव्वद. दार पासष्ट.
पुन्हा लावते.
हा आत आणला कसा?
मुसब्बह पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलतो, सावकाश,
मला कळावं असं अरबी :
आणला नाही. आधी हा ठेवला.
भिंती मागनं आल्या.

नेणाऱ्याने घर फोडावं,
आणि घर फोडल्याचा आवाज
तीन दऱ्यांत जातो.

खसबला परतून रात्री अहवाल लिहिते.
खाली बंदरात डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची गाणी
अजून चालू.
अडथळे, क्रमांक चार :
रांजणाचा व्यास दारापेक्षा पंचवीस सेंटिमीटर जास्त.
याहून खरं वाक्य
या नोकरीत मी लिहिलेलं नाही.

आमच्याकडे शेकरूसाठी रेघ मारली होती.
आजा रेघेच्या आत हिरडा वेचायचा,
मग रेघेच्या आत चोरून वेचायचा,
मग बाहेर बसून आतल्या झाडांची नावं घ्यायचा.
शेकरूचं त्याला काही नव्हतं. शेकरू त्याचंच होतं.
बैठक आमच्याकडेही झाली असणार.
सही म्हणून अंगठा आहे कुठेतरी.

घर सोडलं तेव्हा मी पाच वर्षांची.
एवढंच आठवतं की कणगी कशी निघणार
याची मला काळजी लागली होती.
आमची कणगी बांबूची, शेणाने सारवलेली.
बापाने आडवी केली,
जराशी दाबली,

निघाली.